आतून पाहिलेला बांध

माझा नवरा थर्स्टन दारू पीत नव्हता, जत्रेत फासे खेळत नव्हता, दुसऱ्याच्या बायकोकडे मान वर करून बघत नव्हता. हे सगळं लग्नाआधी माझ्या आईने मला मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. बांधाबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. काढला असता तर मी सरळ ओढ्याकाठच्या गिरणीवाल्याला हो म्हटलं असतं. त्याला एक डोळा नव्हता, पण तो घरी तरी असायचा.

आमच्या हॅझलडन गावाच्या डोक्यावर गढीवरच्या धन्याचं हरणबन आहे, शिकारीसाठी हरणं कोंडून ठेवायचं. ओकचं रान, मध्ये कुरण, आणि सगळ्याला वेढा घालून मातीचा उंच बांध. बांधावर ओकच्या चिरलेल्या फळ्यांचं कुंपण आणि बांधाच्या आतल्या अंगाला खोल चर. गढीचा खंदक बाहेरून असतो, कारण तिथे बाहेरच्याला आत येऊ द्यायचं नसतं. हरणबनात उलटं. हरीण चरात उतरलं की समोर उभा बांध आणि त्याच्यावर फळ्या, मग उडी मारायची कुठून? हरणं धन्याची, शिकार धन्याची, मांस धन्याच्या पाहुण्यांचं. बांध तेवढा आमचा. गावात ज्याचं घर, त्याच्या वाट्याला बांधाचा एक तुकडा. नवऱ्याबरोबर सासू येते तसा शेताबरोबर बांध येतो. आपल्या दोन खुंट्यांच्या मध्ये जे ढासळेल, कुजेल, वाहून जाईल ते आपण नीट करायचं. तिथून हरीण निसटलं तर दंड आपल्याला, आणि त्याने ज्याचे वाटाणे फस्त केले त्याच्या शिव्याही आपल्यालाच.

बाकीचं गाव याचं काय करायचं? चार शहाणी माणसं करतील तेच. सुगी आटोपली की एकदा फावडं घेऊन जायचं, चरातला गाळ वर फेकायचा, हलणाऱ्या फळ्यांवर दोन घाव घालायचे. मग रेनर यायचा, म्हणजे हरणबनाचा राखणदार. तो घोड्यावरूनच मान हलवायचा आणि सगळे हॅविसच्या गुत्त्यावर जवाची दारू प्यायला मोकळे. आमचा शेजारी ऑस्बर्ट तर तेवढंही करायचा नाही. त्याचा तुकडा आमच्या तुकड्याला लागून. त्याच्या फळ्या एकमेकींच्या आधारावर उभ्या असायच्या, आणि त्याला कोणी हटकलं तर म्हणायचा, हरणांना माझी दया येते, ती माझ्या बाजूला फिरकत नाहीत.

आणि आमचा थर्स्टन! सुगी नाही, पेरणी नाही, पाऊस नाही, थंडी नाही, उठला की बांधावर. फक्त उन्हाळ्यात हरणी वितात तेव्हा रेनर कोणाला जवळ येऊ देत नसे. तेवढा एक महिना माझा नवरा घरात असायचा आणि दारात बसून टेकडीकडे बघत राहायचा. मी म्हणायचे, अरे, घरात बायको आहे, ती इकडे बसलीये. तो म्हणायचा, हो, हो. नजर तिकडेच.

त्याचा बांध बघायला लोक यायचे, हे मी नाकारत नाही. गवतासकट कापलेली ढेकळं एकावर एक बसवलेली, मध्ये बोट जाणार नाही. माती टाकली की धुमसाने चोपायचा. धुमस म्हणजे ओकचा ओंडका हो, दोन मुठी लावलेला. त्याचा धप् धप् आवाज खाली गावापर्यंत यायचा. पोरं त्या तालावर उड्या मारायची. मला त्या आवाजाने कपाळात कळ यायची.

आणखी एक गंमत सांगते. तो बांधाकडे बाहेरून बघतच नसे. रेनरच्या हातापाया पडून तो फाटकातून आत जायचा, लांबून वळसा घालून आपल्या तुकड्यापाशी यायचा आणि चरात पालथा पडायचा. का, तर हरणाच्या डोळ्यांना बांध कसा दिसतो ते बघायला. चरात पडून मान वर करून बघायचा आणि स्वतःशी मान हलवायचा. चिखलाने माखलेले कपडे धुणार कोण? मी. गावात त्याला शिंगवाला म्हणायला लागले. ऑस्बर्ट कुंपणावरून मला हाक मारायचा, “काय वहिनी, आज आमचा शिंगवाला दादा गवत खाऊन आला की घरी जेवणार?” मी ऑस्बर्टच्या तोंडावर त्याची लाज काढायचे आणि घरात येऊन थर्स्टनवर तोंड सोडायचे. दोघांपैकी एकालाही फरक पडत नव्हता.

आता जे झालं ते त्याच्या याच हौसेतून झालं. टेकडीचं पाणी बाहेरच्या बाजूने वाहतं, त्यामुळे बांधाचा बाहेरचा पाया दर पावसाळ्यात खचायचा. इतरांचाही खचायचा, ते दोन टोपल्या माती टाकून मोकळे व्हायचे. थर्स्टनने ठरवलं की पाया रुंद करायचा. चर खोल करताना निघालेली सगळी माती त्याने बाहेरच्या अंगाला टाकली, चोपली, वर ढेकळं बसवली. पुरली नाही म्हणून ऑस्बर्टच्या चरातला गाळही काढून आणला. ऑस्बर्टला काय, आयतंच. तो बिचारा गुत्त्यात बसून माझ्या नवऱ्याचं आरोग्य चिंतत होता. असं वर्षानुवर्षं चाललं. बांध उंच झाला, बाहेरून त्याला लांबलचक छान उतार आला. मग थर्स्टनच्या लक्षात आलं की चर इतका खोल आणि बांध इतका उंच झालाय की वर फळ्या आखूड लावल्या तरी चालतील. ओक वाचला! त्या आनंदात तो घरी आला तेव्हा मला वाटलं काहीतरी घडलं असावं, गाय व्यायली असावी. फळ्या आखूड केल्या म्हणून माझा नवरा नाचत होता. मी हात टेकले.

त्यानंतर हरणबनात हरणं वाढायला लागली. रेनर खूश, धनी खूश. नाताळात गढीवर इतकं मांस शिजलं की वास गावभर. पाद्री म्हणाले, देवाची कृपा. थर्स्टनला वाटलं, आपल्या बांधातून एकही निसटत नाही म्हणून वाढतायत. छाती पुढे काढून चालायला लागला. वाढतायत तर कुठून वाढतायत, हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही. हरणबनाच्या पलीकडे ओढा सोडला की राजाचं जंगल आहे. तिथल्या हरणाला हात लावला तर माणसाचा हात जातो.

मग एका हिवाळ्यात बर्फ पडलं आणि राजाच्या जंगलाचा अधिकारी आपले शिपाई घेऊन ओढ्याच्या अलीकडे आला. बर्फात खुरांच्या खुणा होत्या. त्या जंगलातून निघाल्या होत्या, आमच्या थर्स्टनच्या उतारावरून ऐटीत वर चढल्या होत्या आणि आखूड फळ्यांपाशी संपल्या होत्या. परत येणारी एकही खूण नव्हती. हरीण उतारावरून आलं, टुणकन आत उडी मारली, आणि आत पडलं ते त्या खोल चरात. तिथून बाहेर पडणं शक्यच नाही. थर्स्टनने ते स्वतः पालथं पडून पारखलं होतं ना!

असली उडीची जागा मोठमोठे धनी मुद्दाम करून घेतात. पण त्याला राजाचा परवाना लागतो. आमच्या धन्याकडे तो नव्हता. म्हणजे आमचा धनी राजाची हरणं चोरत होता, आणि चोरीचं दार माझ्या नवऱ्याने बांधून दिलं होतं, फुकट, ढेकळं बसवून.

धन्याचा कारभारी वॉरिन त्याच आठवड्यात आमच्या दारात उभा राहिला. वाईट माणूस नव्हता. नाक बारा महिने लाल, आणि गावाच्या भानगडी निस्तरून वैतागलेला. तो बाकावर बसला, मी दिलेली दारू प्यायला आणि थर्स्टनला म्हणाला, “हा उतार तू कोणाच्या सांगण्यावरून केलास?”

“कोणाच्याच नाही,” थर्स्टन म्हणाला. “पाया खचत होता.”

वॉरिनने कपाळावर हात मारला. त्याने मग सगळं उलगडून सांगितलं, माझ्याकडे बघत, कारण त्याला कळून चुकलं होतं की या घरात कान कोणाला आहेत. अधिकारी बर्फ वितळल्यावर परत येणार, गढीच्या बैठकीत बसणार आणि गावाच्या जबान्या ऐकणार. उतार मुद्दाम बांधला असं ठरलं तर धनी म्हणणार, मी सांगितलं नव्हतं, हा माणूस परस्पर करून बसला. मग धन्याला स्वतःची मान सोडवायला आमचं घर, शेत, गाय सगळं काढून घेऊन आम्हाला गावाबाहेर घालवावं लागणार. पण बांध आपोआप ढासळून बाहेर पसरला असं ठरलं, तर तो एका आळशी कुळाचा निष्काळजीपणा. किरकोळ दंड, की संपलं. “ढासळलेल्या मातीला परवाना लागत नाही,” वॉरिन म्हणाला. “तेव्हा तू बैठकीत उभा राहायचं आणि म्हणायचं, मी बांधाकडे लक्ष दिलं नाही. एवढंच. एक वाक्य.”

थर्स्टन त्याच्याकडे असा बघत राहिला, जणू त्याला कोणी आपलंच पोर मारायला सांगितलंय. मग म्हणाला, “लक्ष दिलं नाही? मी?”

“एक वाक्य, थर्स्टन.”

“मला नाही जमायचं.”

कारभारी गेला. पुढचे दिवस मी काय काय केलं ते माझं मला माहीत. समजावलं, रडले, भांडी आपटली, दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. ते त्याच्या लक्षातच आलं नाही, तेव्हा पुन्हा बोलायला लागले. म्हटलं, आपलं वय काय, केस बघ तुझे. या वयात कुठे जायचं? रस्त्यावर बसून भीक मागू? तो म्हणायचा, नाही गं, तसं होणार नाही. मग काय होणार, असं विचारलं की टेकडीकडे बघत बसायचा. मी म्हटलं, अरे, जग खोटं बोलतं, ऑस्बर्ट तर सकाळी उठल्या उठल्या खोटं बोलतो, त्याचं काय वाकडं झालं? तर म्हणे, ऑस्बर्टचा बांध बघ. मला वाटलं तिथेच आपलं डोकं भिंतीवर आपटून घ्यावं. घर जायला आलंय आणि हा माणूस ऑस्बर्टच्या बांधाची निंदा करतोय!

इकडे वॉरिन स्वस्थ बसला नव्हता. बर्फ वितळायला लागल्याबरोबर त्याने रेनरला सांगून धन्याचे बैल आणवले आणि ते थर्स्टनच्या उतारावरून खाली-वर हाकलले. अधिकाऱ्याने उतार पाहिला होता तो बर्फाने झाकलेला. ढेकळं बसवलेली त्याला दिसली नव्हती. ती दिसायच्या आत चिखल व्हायला हवा होता. दिवसभर बैल फिरले. रेनरच्या माणसांनी फळ्या उपटून आडव्यातिडव्या फेकल्या. थर्स्टन तिथे उभा होता. मी त्याला न्यायला गेले, कारण जेवायची वेळ टळून गेली होती आणि मला भीती वाटत होती की हा कोणाच्या तरी अंगावर धावून जाईल. तो कोणाच्या अंगावर गेला नव्हता. एक बैल घसरला तर त्याने पुढे होऊन त्याला हात लावून सावरलं. रेनर दुसरीकडे बघत उभा होता. मी थर्स्टनचा दंड धरला आणि म्हटलं चल, आमटी निवतेय. तो आला. वाटाण्याची आमटी आणि जवाची भाकरी त्याने पुढ्यात घेतली आणि तशीच ठेवली.

बैठकीच्या दिवशी गढीचं दालन गच्च भरलं होतं. वर वॉरिन, त्याच्या शेजारी राजाचा अधिकारी. तो राजाच्या माणसांच्या फ्रेंचमध्ये बोलायचा आणि वॉरिन ते आम्हाला सांगायचा. आधी गावातल्या जाणत्यांनी शपथा घेतल्या. त्यात ऑस्बर्ट! हात पवित्र पुस्तकावर ठेवून तो म्हणाला की थर्स्टनइतका आळशी माणूस आपण पाहिला नाही, त्याच्या हातात फावडं कधी दिसलं नाही, आणि शेजारी म्हणून आपण त्याला किती वेळा समजावलं, पण ऐकेल तर शपथ. लोकांनी हसू आवरायला खाली माना घातल्या. बायका तोंडावर कापड धरून खोकायला लागल्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, पण काय करणार, तो मेला आमचं घर वाचवत होता.

मग वॉरिनने थर्स्टनला पुढे बोलावलं आणि विचारलं, बांधाकडे तुझं दुर्लक्ष झालं हे खरं का? थर्स्टन उभा राहिला. टोपी हातात. ओठ हलले, आवाज नाही. वॉरिनने पुन्हा विचारलं. तोच प्रकार. अधिकाऱ्याने मान वाकडी करून थर्स्टनचे हात बघितले. घट्टे पडलेले, फावड्याच्या दांड्यासारखे हात. त्याने वॉरिनला काहीतरी विचारलं. वॉरिनचं लाल नाक पांढरं पडलं.

माझा मग संयम सुटला. सगळं आयुष्य या माणसाची वाट बघण्यात गेलं होतं, आता तिथेही वाट बघत बसायचं? मी गर्दीतून वाट काढत पुढे गेले. वॉरिन म्हणाला, बाई, तुम्हाला विचारलेलं नाही. मी म्हटलं, न विचारताच सांगते, कारण हा सांगणार नाही, याला लाज वाटते.

आणि मी सुरू केलं. ऑस्बर्टच्या बायकोने विहिरीवर मला आजवर जे जे सांगितलं होतं, ते सगळं मी थर्स्टनच्या नावावर घातलं. हा दुपारपर्यंत लोळतो. याला फावडं दे म्हटलं की पाठ दुखते. कामाला जातो म्हणून निघतो आणि हॅविसच्या गुत्त्यात सापडतो. ऑस्बर्टची बायको मागे उभी होती, ती हुंदके देऊन हसत होती की रडत होती देव जाणे. माझ्या तोंडाची सवय गावाला होतीच. मी नवऱ्याच्या नावाने ओरडते आहे यात कोणाला काही नवीन वाटलं नाही, आणि अधिकाऱ्याला ते ऐकून खरंच वाटायला लागलं. त्यालाही घरी बायको असणार.

तिथे थांबायला हवं होतं. पण एकदा बोलायला लागले की माझं मला कळत नाही. मी म्हटलं, “साहेब, आमची एक मुलगी होती, एमलट. तापात गेली. तिला मातीआड करून मी घरी आले. घरात शेजारणी होत्या, याची आई होती, पाद्री येऊन बसले होते. हा नव्हता. दफनभूमीतून हा परस्पर गेला होता. कुठे, विचारा याला. गुत्त्यात. मी चुलीपाशी बसून राहिले आणि हा दिवस मावळल्यावर आला, कोपरापर्यंत चिखल. वाटेत पडला असेल कुठे. आला, हात धुतले आणि झोपला. हा असा माणूस आहे. याने बांध काय सांभाळायचा?”

दालनात कोणी खोकेना. त्या दिवशी थर्स्टन कुठे होता ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. पाद्री थडग्यापाशी शेवटची प्रार्थना म्हणत होते तेव्हाच टेकडीवरून धुमसाचा आवाज यायला लागला होता. आम्ही सगळ्यांनी तो ऐकला होता, आणि मी तो संध्याकाळपर्यंत ऐकत बसले होते.

वॉरिनने ते अधिकाऱ्याला सांगितलं. मग खालच्या आवाजात थर्स्टनला विचारलं, “बायको म्हणते ते खरं आहे?”

थर्स्टन माझ्याकडे बघत होता. उन्हाळ्यात दारात बसून टेकडीकडे बघायचा तसं नाही, अगदी माझ्याकडे. मग तो अधिकाऱ्याकडे वळला. “खरं आहे,” तो म्हणाला. “मी लक्ष दिलं नाही.”

पुढचं झटपट उरकलं. थर्स्टनला दंड, उतार खणून काढायचा हुकूम, आणि वर अधिकाऱ्याचा आग्रह की असल्या माणसाच्या हातात बांध ठेवू नये. वॉरिनने नाइलाजाने तो तुकडा ऑस्बर्टकडे दिला. त्याबदल्यात थर्स्टनने धन्याच्या शेतात शेण वाहायचं. ऑस्बर्टचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. त्याला आता दोन-दोन तुकडे सांभाळायचे होते. एरवी मी महिनाभर हसले असते.

घर राहिलं, शेत राहिलं, गाय राहिली. मी दालनातून बाहेर पडले. गुत्तेवाली हॅविस जवळ आली आणि माझा हात दाबून गेली. थर्स्टन पुढे चालत होता. मला वाटलं, आता हा बोलणार नाही, आता आपण एका मुक्या माणसाबरोबर म्हातारपण काढायचं. बरं तर बरं, असंही कुठे बोलत होता! मी मनातल्या मनात भांडणाची तयारीच करून ठेवली. तो म्हणेल की गावासमोर माझी अब्रू घेतलीस, तर मी म्हणणार, घर वाचवलं ते दिसत नाही का? तो म्हणेल की बांध गेला, तर मी म्हणणार, गेला तर गेला, ब्याद टळली.

ओढ्यापाशी तो थांबला. मी गाठेपर्यंत उभा राहिला. एरवी तो कधी थांबत नाही.

“एमलटच्या दिवशी मी गुत्त्यात नव्हतो,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“बांधावर होतो.”

“माहीत आहे रे थर्स्टन. सगळ्या गावाला माहीत आहे.”

तो ओढ्याकडे बघत म्हणाला, “तू तिथे सांगत होतीस तेव्हा मला वाटलं, गुत्त्यात असतो काय आणि बांधावर असतो काय, तुला तर सारखंच. काही फरक होता का?”

मी इतकी वर्षं या माणसाला हजार उत्तरं दिली होती, न विचारता दिली होती. आज त्याने पहिल्यांदा काही विचारलं होतं. पाण्याच्या पलीकडे राजाच्या जंगलाची झाडं ओली उभी होती. मला त्याचा इतका राग आला होता आणि त्याच वेळी त्याच्या हातातली टोपी बघून इतकं वाईट वाटत होतं की दोन्ही एकदम कसं करायचं ते कळेना.

“होता,” मी म्हटलं. “गुत्त्यातून तुला कान धरून घरी आणलं असतं मी. बांधावरून कशी आणणार होते? तू काम करत होतास.”

टोपी डोक्यावर घालायची राहिली होती, ती त्याने घातली. मग माझ्या हातातली टोपली घेतली आणि घरापर्यंत माझ्या बाजूने चालत आला.